एव्री आणि कुरकुरोन: दोन नगरपालिकांचं एक शहर कसं होतं

पॅरिसच्या दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटरवर, आरईआर डी या उपनगरी रेल्वेमार्गावर, एव्री-कुरकुरोन नावाचं स्थानक आहे. बाहेर पडलं की जवळच मोठा मॉल लागतो, आणि चालत जाण्याच्या अंतरात जिल्ह्याचं मुख्य सरकारी कार्यालय, विद्यापीठ आणि लाल विटांचं गोल कॅथेड्रल. स्थानकाच्या पाटीवर दोन्ही नावं अनेक वर्षांपासून एकत्र होती. गावं मात्र ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत वेगळीच होती: एव्रीचा मेयर वेगळा, कुरकुरोनचा वेगळा, दोघांची अंदाजपत्रकं वेगळी, घरपट्टीचे दर वेगळे. १ जानेवारी २०१९ ला ही दोन गावं कायद्यानं एक झाली आणि पासष्ट हजारांहून जास्त वस्तीचं एव्री-कुरकुरोन हे नवं शहर कागदावर आलं.

नकाशावरची एक रेघ पुसायला फार वेळ लागत नाही. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे कर, नोकर, कंत्राटं, रस्त्यांची नावं आणि नगरसेवकांच्या खुर्च्या एकमेकांत बसवायला मात्र दहा-बारा वर्षं जातात. अशा विलीनीकरणाबद्दल बोलताना बहुतेक वेळा नावावर आणि मेयरपदावर चर्चा होते. खरं काम असतं ते बाकीच्या गोष्टींत, म्हणून या लेखात भर त्यांच्यावरच आहे.

आधी कम्यून समजून घेऊ

फ्रान्समधलं सगळ्यात लहान स्वायत्त प्रशासकीय एकक म्हणजे कम्यून. १७८९ च्या क्रांतीनंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरात जुन्या धर्मग्रामांच्या आणि शहरांच्या जागी कम्यून आले, आणि तेव्हाच्या बहुतेक सीमा अजून तशाच आहेत. पॅरिसही कम्यून आणि पन्नास माणसांचं डोंगरातलं खेडंही कम्यूनच. शंभराहून कमी वस्तीच्या गावालाही कायद्यानं ७ जणांची नगर परिषद मिळते. २०१५ पूर्वी देशात ३६ हजारांहून जास्त कम्यून होते, आता ३५ हजारांच्या किंचित खाली आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकानं इथे एक फरक लक्षात ठेवावा. आपल्याकडे महापालिकेत महापौर असतो, पण रोजचा कारभार आयुक्त चालवतो. फ्रान्समध्ये कारभार मेयरच चालवतो. जन्म-मृत्यूची नोंद त्याच्या नावानं होते, कायदेशीर लग्न त्याच्या किंवा त्याच्या सहायकाच्या समोर लागतं, बांधकाम परवाना तो देतो, नगरपालिकेचे पोलीस त्याच्या हाताखाली असतात, प्राथमिक शाळांच्या इमारती आणि मुलांचं दुपारचं जेवण त्याच्याकडे. लोक थेट मेयर निवडत नाहीत. ते दर सहा वर्षांनी नगर परिषद निवडतात आणि परिषद आपल्यातून मेयर निवडते. राज्यसत्तेचा जिल्हा पातळीवरचा प्रतिनिधी म्हणजे प्रेफे. तो मेयरचा वरिष्ठ नसतो, पण ठराव कायद्यात बसतात का हे तपासतो आणि दोन कम्यून एक करण्याचा अंतिम आदेश त्याच्याच सहीनं निघतो.

एवढी सत्ता हातात असलेलं गाव स्वतःहून विसर्जित व्हायला सहसा तयार होत नाही. १६ जुलै १९७१ च्या मार्सेलँ कायद्यानं विलीनीकरणाची मोठी मोहीम हाती घेतली, पण देशातल्या कम्यूनची संख्या काही ३६ हजारांच्या खाली गेली नाही. उलट तेव्हा जोडलेली काही गावं पुढे पुन्हा सुटी झाली. मग डिसेंबर २०१० च्या कायद्यानं 'नवं कम्यून' हा साचा आणला आणि मार्च २०१५ च्या कायद्यानं त्याला आर्थिक हमी आणि संक्रमणकाळातल्या सवलती जोडल्या. गावं खऱ्या अर्थानं एकत्र यायला लागली ती तेव्हापासून. एव्री-कुरकुरोन याच लाटेतलं.

रेघ आधीच पुसट का झाली होती

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एव्री हे सेन नदीकाठचं काही हजार वस्तीचं गाव होतं, आणि कुरकुरोन तर शेतांमधलं काहीशे माणसांचं खेडं. १९६५ मध्ये पॉल दलूव्रिए यांच्या नेतृत्वाखाली पॅरिस परिसराचा विकास आराखडा तयार झाला. पॅरिसची वाढ थोपवायची नाही, ती नव्या शहरांकडे वळवायची, असा त्यातला विचार. त्यातून राजधानीभोवती पाच नवी शहरं उभी राहिली: सेर्जी-पोंतुआझ, सँ-काँतँ-आँ-इव्हलीन, मार्न-ला-व्हाले, मलँ-सेनार आणि एव्री. त्याच सुमारास पॅरिसभोवतीच्या मोठ्या जिल्ह्यांची फोड होऊन एसॉन जिल्हा जन्मला आणि त्याचं मुख्यालय म्हणून एव्रीची निवड झाली.

नवं शहर आखणाऱ्यांनी गावांच्या सीमा बघितल्या नाहीत, जमीन बघितली. एव्री, कुरकुरोन, लिस आणि बोंदूफ्ल या चार कम्यूनच्या शेतांवर एकच आराखडा अंथरला गेला. त्यामुळे नव्या केंद्राचा एक भाग एव्रीत पडला आणि त्याला खेटून असलेली वस्ती कुरकुरोनमध्ये. स्विस वास्तुविशारद मारिओ बोत्ता यांचं १९९५ साली उघडलेलं कॅथेड्रल एव्रीत आहे. तिरक्या कापलेल्या नळकांड्यासारखी ही इमारत आहे आणि तिच्या कडेवर चोवीस लिंडनची झाडं गोलाकार लावली आहेत. लोक जिला 'एव्रीची मशीद' म्हणायचे ती १९८४ ते १९९४ या काळात बांधलेली मोठी मशीद मात्र कुरकुरोनच्या हद्दीत. भारताचे अनेक इन्सॅट आणि जीसॅट उपग्रह ज्या कंपनीच्या रॉकेटांनी वर गेले, त्या आरियानस्पेसचं मुख्यालयही याच शहरात. सांगायचं एवढंच, की माणसं रेघ रोज ओलांडत होती आणि बहुतेकांना ती कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

पण लोकांनी रेघ विसरली म्हणून परिषदा विसरत नाहीत. विलीनीकरण अडतं ते बहुतेक वेळा एका कारणावर: एका गावात कारखाने, कार्यालयं, मॉल असतात, त्यांचा कर त्या गावाला मिळतो आणि शेजाऱ्याला द्यायची त्याची इच्छा नसते. इथे ही गाठ खूप आधीच सुटलेली होती. जुलै १९७० च्या नव्या शहरांच्या कायद्यानं, जो एव्रीचेच तेव्हाचे मेयर आणि खासदार मिशेल बोशे यांच्या नावानं ओळखला जातो, नव्या शहराच्या हद्दीतल्या कम्यूनना संयुक्त यंत्रणेत आणलं. १९८३ च्या रोकार कायद्यानं पुढचं पाऊल टाकलं: घरांवरचे कर कम्यूनकडे राहिले आणि उद्योग-व्यवसायांवरचा कर सरळ संयुक्त संस्थेच्या तिजोरीत जाऊ लागला. ही संस्था पुढे नावं बदलत गेली आणि २०१६ पासून ग्राँ पारी स्यूद या वीसहून अधिक कम्यूनच्या मोठ्या समूहाचा भाग झाली. मॉल कुणाच्या हद्दीत आहे यावरून भांडायचं कारणच पस्तीस वर्षांपूर्वी संपलं होतं. माझ्या मते या विलीनीकरणाचं सगळ्यात मोठं कारण हेच, जरी भाषणांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

तरीही चारपैकी दोनच गावं एक झाली. लिस आणि बोंदूफ्ल स्वतंत्र राहिली आणि आजही आहेत. पैसा वाटून घेणं आणि मेयर वाटून घेणं यांत मोठं अंतर आहे.

आदेश निघेपर्यंतच्या पायऱ्या

पहिली अट भूगोलाची: कम्यून एकमेकांना लागून असायला हवेत. मध्ये तिसऱ्या गावाची पट्टी आली की काम तिथेच थांबतं.

त्यानंतर पुढाकार कुणाचा हा प्रश्न येतो. सरळ मार्ग म्हणजे सगळ्या नगर परिषदांनी एकाच मजकुराचे ठराव मंजूर करणं. असं झालं की लोकमत घेण्याची कायद्यानं सक्ती नाही. एकमत नसेल तर दुसरा मार्ग: एकाच आंतर-कम्यून समूहातल्या, दोन तृतीयांशांहून जास्त लोकसंख्येचं प्रतिनिधित्व करणाऱ्या दोन तृतीयांश परिषदा मागणी करू शकतात. समूहाची परिषद किंवा प्रेफेही प्रस्ताव मांडू शकतो. पण परिषदांमध्ये एकमत नाही म्हटल्यावर मतदारांना विचारावंच लागतं आणि तिथली चाळणी बारीक आहे. निम्म्याहून जास्त नोंदणीकृत मतदार मतदानाला आले पाहिजेत, होकाराला बहुमत हवं, आणि ही होकाराची मतं एकूण नोंदणीकृत मतदारांच्या किमान एक चतुर्थांश भरली पाहिजेत. एवढं करून एखाद्या गावानं बहुमतानं नाही म्हटलं तर ते गाव त्यात ओढता येत नाही.

ठरावाआधी एक पायरी असते आणि घाईत तीच सुटते: दोन्हीकडच्या कर्मचारी-प्रतिनिधींच्या समितीचं मत घेणं. समितीचा नकार बंधनकारक नसतो, पण तिला न विचारता घेतलेला ठराव न्यायालयात टिकत नाही. विलीनीकरण झाल्यावर ते रद्द होणं ही नुसती कल्पना नाही. नॉर्मंडीत कां शहराजवळ त्रोआर्न आणि सानरव्हिल ही गावं २०१७ च्या सुरुवातीला सालीन या नावानं एक झाली. प्रशासकीय न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि २०१९ संपताना दोन्ही गावं पुन्हा वेगळी झाली. मधल्या तीन वर्षांत जोडलेली खाती, नोकर, कंत्राटं सगळं पुन्हा सुटं करावं लागलं.

ठरावात नाव, मुख्य कार्यालयाची जागा, तारीख आणि संक्रमणकाळातल्या परिषदेची रचना लिहितात. सोबत बहुतेक गावं एक सनद करतात: कोणती शाळा राहील, कोणतं उपकार्यालय उघडं राहील, कोणत्या संस्थांना अनुदान मिळत राहील वगैरे. सनद करणं ऐच्छिक असतं आणि तिचं वजन नैतिकच. पुढची परिषद ती मोडू शकते. म्हणून ज्या गावाला खरोखर काही टिकवायचं आहे त्यानं ते सनदेत लिहून निर्धास्त होऊ नये, 'प्रतिनिधी-कम्यून'ची तरतूद वापरावी. ठरावात वेगळं काही म्हटलं नसेल तर प्रत्येक जुन्या गावाचं असं प्रतिनिधी-कम्यून आपोआप तयार होतं. त्याला स्वतःचा प्रतिनिधी-मेयर आणि एक उपकार्यालय मिळतं, आणि जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी तिथे होऊ शकतात. वेगळी तिजोरी मात्र मिळत नाही, आणि नवी परिषद पुढे कधीतरी ठराव करून हे प्रतिनिधी-कम्यून बंदही करू शकते.

तारीख जवळजवळ नेहमी १ जानेवारी असते, कारण हिशेबाचं वर्ष तिथून सुरू होतं. करांच्या दृष्टीनं आणखी एक तारीख महत्त्वाची आहे: प्रेफेचा आदेश १ ऑक्टोबरच्या आत निघाला पाहिजे. उशीर झाला तर गाव १ जानेवारीला एक होतं, पण कर पुढचं वर्षभर दोन वेगळ्या गावांसारखे आकारले जातात आणि हिशेब विभागाला त्या वर्षी दुहेरी कसरत करावी लागते. निवडणुकीच्या तोंडावर हद्दी बदलता येत नाहीत, हेही जमेस धरायचं. नगर परिषदांच्या निवडणुका मार्च २०२० मध्ये होणार होत्या म्हणून १ जानेवारी २०१९ ला नव्या कम्यूनची मोठी रांग लागली. पॅरिसच्या उत्तरेला सँ-दनी आणि पिएरफित एक झाले ते १ जानेवारी २०२५ ला, मार्च २०२६ च्या निवडणुकीआधी.

खुर्च्यांचं गणित

नगर परिषदेत किती जण असावेत याचं कोष्टक कायद्यातच आहे. १० ते २० हजार वस्तीला ३३, ५० ते ६० हजारांना ४५, ६० ते ८० हजारांना ४९, ८० हजार ते एक लाखाला ५३. एव्री पन्नास हजारांच्या वर आणि कुरकुरोन तेरा-चौदा हजारांचं, म्हणजे कोष्टकाप्रमाणे ४५ आणि ३३, एकूण ७८ खुर्च्या.

ठरावात तसं लिहिलं तर पुढच्या निवडणुकीपर्यंत दोन्ही परिषदांचे सगळे सदस्य नव्या परिषदेत बसू शकतात. कुणाचीच खुर्ची जात नाही म्हणून ठराव सहज मंजूर होतो. त्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत नव्या कम्यूनला एक पायरी वरचं कोष्टक मिळतं. साठ ते ऐंशी हजारांच्या शहराला ४९ ऐवजी ५३. संक्रमणकाळ संपला की ४९. म्हणजे ७८ वरून ५३ आणि मग ४९: जवळजवळ तीस जागा कमी होतात, पण दोन-तीन टप्प्यांत, आणि तोवर अनेक जण आपणहून निवृत्त झालेले असतात. यात कुरकुरोनसारख्या लहान भागीदाराचा तोटा जास्त. पहिल्या परिषदेत त्याचे ७८ पैकी ३३ जण असू शकतात, म्हणजे वस्तीच्या प्रमाणाच्या दुपटीहून जास्त. निवडणुकीत मात्र प्रत्येक गटाची उमेदवारांची यादी संपूर्ण शहरासाठी एकच असते आणि हे वजन एका दिवसात नाहीसं होतं. लहान गावाला जे काही पदरात पाडून घ्यायचं ते त्या पहिल्या वर्ष-दीड वर्षातच.

मेयरपदाचा निकाल मात्र इथे उलटा लागला. मोठ्या एव्रीचे मेयर फ्रान्सिस शुआ नोव्हेंबर २०१८ मध्ये पोटनिवडणुकीत खासदार झाले. एकाच वेळी खासदार आणि मेयर राहायला फ्रेंच कायद्यानं आता बंदी आहे. जानेवारी २०१९ मध्ये नव्या शहराचे मेयर झाले ते लहान भागीदाराचे, कुरकुरोनचे, स्तेफान बोदे. शुआ डाव्या परंपरेतले आणि बोदे उजव्या. पक्षांपेक्षा गावाचा हिशेब मोठा ठरला, हे नोंदवण्यासारखं आहे.

घरपट्टी: बारा वर्षांची पायरी

राहत्या घरावरचा रहिवासी कर फ्रान्सनं २०२३ पासून पूर्ण बंद केला. म्हणून आता घरमालकाला थेट जाणवतो तो मालमत्ता कर, म्हणजे घरपट्टी. प्रशासन प्रत्येक घराचं काल्पनिक वार्षिक भाडं ठरवतं. त्याचा पाया १९७० सालचा आहे आणि दरवर्षी त्यावर वाढीचा गुणक लावतात. इमारतींसाठी त्याच्या निम्मी रक्कम करपात्र धरतात आणि तिच्यावर परिषदेनं ठरवलेला टक्केवारीचा दर लागतो.

दोन गावांचे दर वेगळे असतील तर एका रात्रीत सारखे केल्यास एका बाजूच्या लोकांचं बिल धाडकन वाढेल. म्हणून कायदा १२ वर्षांपर्यंतची मुदत देतो. हे नीट समजायला एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, पद्धत कायद्याची.

मोठ्या गावाचा दर ४० टक्के, लहान गावाचा २७ टक्के. एकूण करपात्र रकमेत मोठ्याचा वाटा ८० टक्के आणि लहानाचा २०. भारित सरासरी दर ३७.४ टक्के. लहान गावाचं सरासरीपासूनचं अंतर १०.४ टक्के-अंक, मोठ्याचं २.६. कायदा सांगतो, दरवर्षी या अंतराचा तेरावा भाग कमी करा. लहान गावाचा दर दरवर्षी ०.८ अंकांनी चढतो आणि मोठ्याचा ०.२ नं उतरतो. बारा वर्षांनी लहान गाव ३६.६ वर असतं, तेराव्या वर्षी दोघं ३७.४ वर येतात. २,००० युरो करपात्र रकमेच्या घराला लहान गावात आधी ५४० युरो भरावे लागायचे, शेवटी ७४८ भरावे लागतील. वर्षाला १६ युरोंची भर. मोठ्या गावात तशाच घराचं बिल ८०० वरून ७४८ वर येतं, पण वर्षाला अवघे ४ युरो कमी होतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

सर्वांत कमी दर सर्वांत जास्त दराच्या ९० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ही पायरी लागू होत नाही, पहिल्याच वर्षी एक दर लागतो.

गैरसमज होतो तो इथेच. बिल वाढण्याची तीन वेगळी कारणं असू शकतात: दर सारखे करण्याची ही पायरी, परिषदेनं स्वतः वाढवलेला दर, आणि देशभर लागू होणारा वार्षिक गुणक. बिलावर ती सुटी दिसत नाहीत आणि सगळा राग विलीनीकरणावर निघतो. २०२३ साली या गुणकानं एकट्यानंच करपात्र रक्कम ७.१ टक्क्यांनी वाढली होती, गाव एक झालेलं असो वा नसो. शहाण्या परिषदा पहिल्या बिलाबरोबर एक पानभर हिशेब पाठवतात.

२०१९ च्या लाटेतल्या नव्या कम्यूनना राज्याकडून मिळणाऱ्या अनुदानाचीही हमी होती: पहिल्या तीन वर्षांत जुन्या गावांच्या एकत्रित अनुदानापेक्षा कमी मिळत नव्हतं. पण या हमीवर विसंबून नवे खर्च सुरू करणं धोक्याचं होतं. चौथ्या वर्षाचं अंदाजपत्रक आधीच मांडून बघावं लागे.

नोकर, कंत्राटं आणि दोनदा असलेल्या गोष्टी

कर्मचारी आपोआप नव्या कम्यूनचे होतात. हुद्दा, सेवाज्येष्ठता आणि वैयक्तिक मिळालेले भत्ते त्यांच्याकडे राहतात. म्हणून पहिल्याच महिन्यापासून एकाच खोलीत, एकच काम करणाऱ्या दोघांचे भत्ते वेगवेगळे असू शकतात. व्यवहारात भत्ते जुळवताना वरच्या पातळीला जुळवले जातात, कारण खालच्या पातळीवर आणायला कुणी तयार होत नाही. विलीनीकरणानं लगेच पैसे वाचतील असं आश्वासन देणाऱ्यांनी हा खर्च आधी मांडायला हवा. बचत होते ती उशिरा: निवृत्त झालेल्या दुसऱ्या विभागप्रमुखाची जागा भरायची नाही, दोनऐवजी एक संगणक प्रणाली, एकत्रित निविदेत मिळालेला कमी भाव.

कंत्राटं जुन्या अटींवर मुदत संपेपर्यंत चालू राहतात. ठेकेदाराला मालक बदलला म्हणून करार मोडता येत नाही आणि भरपाईही मागता येत नाही. त्यामुळे शाळांच्या जेवणाची दोन कंत्राटं, लिफ्टच्या देखभालीची दोन, पथदिव्यांची दोन, आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. पहिलं काम म्हणजे सगळ्या करारांची एक यादी करून मुदतीच्या तारखांप्रमाणे लावणं, आणि आधी संपणारा करार दुसऱ्याच्या मुदतीपर्यंतच वाढवणं, म्हणजे दोन्हींची निविदा एकत्र काढता येते. हे कुणी केलं नाही तर पाच वर्षांनीही शहराच्या दोन भागांत एकाच जेवणाचे दोन भाव चालू राहतात, आणि पालक ते बरोबर हेरतात.

पाणी, कचरा आणि बस यांत मात्र एव्री-कुरकुरोनमध्ये १ जानेवारीला फारसं काही बदललं नाही. ती कामं आधीपासून वरच्या समूहाकडे किंवा प्रदेशाकडे होती.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रत्येक कम्यूनला सांख्यिकी संस्थेचा पाच अंकी क्रमांक असतो आणि नव्या कम्यूनला मुख्य कार्यालय असलेल्या गावाचा क्रमांक मिळतो. एव्रीचा ९१२२८ हाच आता पूर्ण शहराचा. मिटलेल्या गावाचा क्रमांक वापरणारी प्रत्येक यादी, मग ती विमा कंपनीची असो वा शाळेची, हळूहळू चुकायला लागते. जुन्या नगरपालिकेच्या नोंदणी क्रमांकावर पाठवलेली पुरवठादारांची बिलं परत येतात. पहिल्या तिमाहीत थकलेल्या बिलांमागे बहुतेक वेळा पैशांची टंचाई नसते, हा क्रमांक असतो.

रस्त्यांची नावं

फ्रान्समध्ये जनरल द गॉल, व्हिक्टर ह्यूगो आणि जाँ जोरेस यांच्या नावाचे रस्ते किती गावांत आहेत याला गणती नाही, आणि चर्चचा रस्ता तर असतोच. दोन गावं एक झाली की एकाच शहरात एकाच नावाचे दोन रस्ते येतात. पोस्टाचे पिनकोड वेगळे ठेवता येतात, त्यामुळे पत्रं बहुधा पोचतात. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल मात्र कम्यून आणि रस्ता यांवरून जागा शोधतात, म्हणून जोडीतलं एक नाव बदलावंच लागतं. कोणतं बदलायचं यावर भावना तापतात. सरळ मोजमाप असं: ज्या रस्त्यावर पत्ते कमी तो बदलायचा, आणि दुकानं-दवाखाने असलेला शक्यतो सोडायचा, कारण व्यावसायिकाला छापील कागदापासून नोंदणीपर्यंत सगळं बदलावं लागतं. निर्णय झाला की तो राष्ट्रीय पत्ता-संचात लगेच चढवायचा. परिषदेनं ठराव केला, पाटी बदलली आणि संचात नोंद करायची राहिली, तर नकाशे आणि कुरिअर जुन्याच नावानं चालत राहतात.

या बाबतीत उत्तर फ्रान्समधल्या लीलजवळचं विलनव्ह-दास्क बघण्यासारखं आहे. २५ फेब्रुवारी १९७० ला अनाप, आस्क आणि फ्लेर ही तीन गावं एक होऊन ते झालं. पॅरिसबाहेरच्या नव्या शहरांपैकी ते एक. नावात आस्क ठेवलं ते १ एप्रिल १९४४ च्या रात्री नाझी एसएस सैनिकांनी तिथे मारलेल्या ८६ जणांच्या स्मरणार्थ. नाव कुणाचं ठेवायचं या वादाला इतकं आदराचं उत्तर क्वचित मिळतं. नव्या वस्त्यांतल्या रस्त्यांना त्यांनी बहुतेक ठिकाणी वस्तीच्याच आद्याक्षराची नावं दिली: त्रिओलो वस्तीत टी, कूझिनरीत सी. पत्ता वाचला की माणूस शहराच्या कोणत्या भागात राहतो हे कळतं. जगातली पहिली पूर्ण चालकरहित शहरी मेट्रो, व्हीएएल, १९८३ मध्ये याच शहरातून लीलकडे सुरू झाली.

मतदाराला विचारलं का?

परिषदा एकमतानं ठराव करतात तेव्हा लोकांचं मत घ्यायची सक्ती नाही, हे वर आलंच. सँ-दनी आणि पिएरफित यांचं विलीनीकरणही परिषदांच्या ठरावांवर झालं आणि सुमारे दीड लाख वस्तीचं शहर मतदारांच्या थेट होकाराशिवाय उभं राहिलं. कायद्यात ते बसतं, पण मला ते पटत नाही. सहा वर्षांसाठी निवडलेल्या परिषदेनं गाव चालवावं, गाव मिटवण्याआधी मात्र गावाला विचारावं. मतदान घेतलं तर प्रस्ताव पडेल अशी भीती मेयर मंडळींना असते, आणि ती खोटी नाही. लोक बहुधा कराच्या आकड्यांवर आणि शाळेवर मत देतात. मग आकडे आधी मांडावेत: कोणत्या भागातल्या सरासरी घराचं बिल कोणत्या वर्षी किती होईल, कोणतं कार्यालय आठवड्यातून किती दिवस उघडं राहील. एवढं दोन पानांत छापून घराघरांत टाकता येतं.

रहिवाशानं काय करायचं

फार काही नाही. ओळखपत्र आणि पासपोर्ट मुदत संपेपर्यंत चालतात, केवळ गावाचं नाव बदललं म्हणून नवे काढावे लागत नाहीत. मतदार यादीत नाव आपोआप जातं, मतदान केंद्राचा क्रमांक तेवढा बदलू शकतो. रस्त्याचं नाव बदललं असेल तर बँक, नोकरीचं ठिकाण, विमा आणि आरोग्य विमा यांना स्वतः कळवायचं. त्यासाठी नगरपालिकेकडून पत्ता बदलल्याचा दाखला घ्यावा आणि त्याच्या प्रती जपून ठेवाव्यात.

जन्मस्थळ बदलत नाही. १९९० साली कुरकुरोनमध्ये जन्म नोंदलेल्या माणसाच्या कागदांवर कुरकुरोनच राहतं. जुन्या नोंदवह्या नव्या कम्यूनच्या ताब्यात जातात, म्हणून दाखल्याचा अर्ज आता एव्री-कुरकुरोनच्या नगरपालिकेकडे करायचा. ऑनलाइन अर्जात जुनं गाव यादीत दिसलं नाही तर नवं गाव निवडून जन्मस्थळाच्या रकान्यात जुनं नाव लिहायचं.